ज्याचे त्याचे आबा

आबांचा वाढदिवस १ जून, म्हणजे कागदोपत्री. त्यांच्या पिढीत गावातल्या निम्म्या गड्यांचा वाढदिवस १ जूनच असायचा. पोरगं शाळेत घालायला नेलं की गुरुजी वय अंदाजानं ठरवायचे, शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून तारीख १ जून टाकायचे, आणि पुढं नोकरी, मतदार यादी, पेन्शन असं सगळं आयुष्य त्या एका ओळीवर चालायचं. आबा म्हणजे माझे आजोबा, एसटीत कंडक्टर होते. आपल्याकडची पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर धावली आणि आबांच्या दाखल्यावर १ जून १९३८ होतं. "एसटीचा आणि माझा वाढदिवस एकच, फक्त मी दहा वर्षांनी थोरला," हे ते पाहुण्यांना सांगायचे, सुनांना सांगायचे, इंजेक्शन द्यायला आलेल्या नर्सलाही त्यांनी सांगितलं होतं. निवृत्तीही अर्थात ३१ मेला, १९९६ मध्ये. त्या दिवशी डेपोत ओळीनं खुर्च्या मांडून बऱ्याच जणांना एकदमच हार घातले होते, कारण सगळ्यांचे गुरुजी सारखेच.

२०२३ च्या पावसाळ्यात आबा गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला पंगत उठल्यावर तात्या आणि आत्या यांच्यात भांडण लागलं. तात्या म्हणजे माझे थोरले काका. विषय होता, कोयनेचा भूकंप झाला त्या रात्री आबा घरात होते की मुक्कामी गाडीवर. तात्या म्हणाले घरात होते, मला त्यांनीच उचलून बाहेर आणलं. आत्या म्हणाली साफ खोटं, ते गाडीवर होते, दुसऱ्या दिवशी चालत आले. गंमत म्हणजे भूकंप १९६७ चा आणि आत्याचा जन्म १९६९ चा. तरी सगळ्यांत जास्त तपशील तिच्याकडेच होते. मी ऐकत बसलो आणि त्याच दिवशी ठरवलं, हे सगळं लिहून काढायचं.

सुरुवात आजीपासून केली. आजी आता ब्याऐंशीच्या आसपास आहे, तिचंही वय गुरुजींच्या अंदाजाचं. तिला विचारलं, "आबा नोकरीला कधी लागले?" ती म्हणाली, "आरं, तवा कॅलेंडर कुठं बघत बसायचो आम्ही?" आबा कसे होते म्हणून विचारलं तर, "कसं म्हंजी? नोकरी केली, शेती बघितली, पोरं शिकवली. चांगलं हुतं." एवढ्यावर मुलाखत आटोपली. जुन्या माणसाला 'कधी' आणि 'कसे' विचारून काही हाती लागत नाही, हे ज्यांनी असलं काम केलंय त्यांना माहीत असेल. समोर बसवून, मोबाइल पुढं धरून विचारलं की माणूस एकदम सभेत बोलल्यासारखं बोलतो. पण हाताला काम असलं की जीभ मोकळी होते. मग मी आजीच्या शेजारी शेंगा फोडायला बसू लागलो. मोबाइल तिला सांगूनच सुरू करायचो आणि बाजूला पालथा ठेवायचो. पाटी निम्मी झाली की तिचं तिलाच काहीतरी आठवायला लागायचं.

दुसरी युक्ती वस्तूंची. आबांच्या लोखंडी ट्रंकेत त्यांचा कंडक्टरचा बिल्ला होता, परवान्याबरोबर आरटीओकडून मिळायचा तो. तिकिटाचा ट्रे आणि पंच डेपोचा, तो तिथंच जमा झालेला. बिल्ला हातात दिल्यावर आजीनं तो पदराला पुसला आणि विचारल्याशिवाय सांगितलं, की आबा ड्यूटीला निघताना बिल्ला लावायचं काम तिचं होतं, कारण पिन वाकडी झाली होती आणि आबांच्या बोटाला टोचायची. मग पिन, मग शर्ट, मग खाकी कापड. जुने गणवेश फाटले की आजी त्यांच्या पिशव्या शिवायची. आमच्या नात्यात असं घर नसेल ज्यात एक खाकी पिशवी नाही. माझं दप्तरही पहिली काही वर्षं खाकीच होतं, आणि मला त्याची लाज वाटायची. असो.

तारखांचा प्रश्न मात्र शिल्लक होता. त्यावर मी एक उपाय केला. कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स माळ्यावर होता, तो उलटा करून भिंतीला लावला. मधोमध एक रेघ ओढली आणि तिच्यावर आमच्या भागातल्या कुणालाही माहीत असणाऱ्या गोष्टी मांडल्या. १९५७ ला नवे पैसे आले, १९६७ चा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९७५ ची आणीबाणी, १९८० चं खग्रास ग्रहण. मग प्रश्न 'कधी' असा उरला नाही. 'दुष्काळाच्या अलीकडं का पलीकडं?' एवढंच विचारायचं. आजीला साल सांगता येत नाही, पण बाबांच्या वेळचं बाळंतपण भूकंपाच्या आधी चौथ्या पावसाळ्यात झालं हे ती छातीठोकपणे सांगते. आणि दाखल्यावरही १९६४ च आहे.

आजीचं माहेर माण तालुक्यातलं. आमच्या पाटणच्या खोऱ्यात पाऊस इतका की छपराला गवताची झडपं बांधावी लागायची, आणि तिच्या माहेरी बाहत्तर साली प्यायला पाणी नाही. तिचा भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. सुकडी आणि मिलो हे शब्द तिच्या तोंडून अजून त्याच तिटकाऱ्यानं येतात. सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलं जाणारं कोरडं खाणं, आणि मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. "जनावराला घातली तर जनावर तोंड फिरवायचं," असं ती म्हणते. त्या वर्षी आबा दर महिन्याला मेहुण्याकडे तांदूळ पोचवायचे, हे तिनं सांगितलं. बाबा आणि आत्या दोघांनाही हे ठाऊक नव्हतं.

आता भूकंप. यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला, कारण भांडण तिथलं होतं. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे साडेचारच्या आत. कोयनानगर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, मुंबई-पुण्यापर्यंत धक्का जाणवला. हे सगळं छापील. पण त्या पहाटे आबा कुठं होते, हे कुठंच छापलेलं नाही.

आबांबरोबर कित्येक वर्षं गाडी चालवणारे एक ड्रायव्हर आजोबा कराडजवळ राहतात, वय पंच्याऐंशीच्या पुढं. त्यांना जाऊन भेटलो. ऐकू कमी येतं, पण बोलायला लागले की थांबत नाहीत. म्हणाले, "त्या रात्री आम्ही मुक्कामाला हुतो. मी गाडीत आडवा झालेलो, तुझा आजा देवळात. गाडी हालाय लागली. मला वाटलं पोरं वात्रटपणा करत्यात, म्हणून मी आतनंच शिवी दिली. बाहेर बघतोय तर पोरं न्हाईत, देवळाची घंटा आपसूक वाजतीया." उजाडल्यावर गाडी ठरलेल्या मार्गानं गेलीच नाही. त्यांना आणि आबांना घरचा कसलाही निरोप नव्हता. आबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोचले. म्हणजे आत्याचं खरं.

मग तात्या खोटं बोलत होते का? तसंही नाही. डिसेंबरच्या आधी, १३ सप्टेंबरला, कोयनेला एक मोठा धक्का बसून गेला होता. आणि डिसेंबरनंतर तर पुढं बराच काळ धक्के चालूच राहिले. लोक घर उभं असूनही अंगणात मांडव घालून झोपायचे. आजीला हे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "गणपतीच्या टायमाला हाललं हुतं की. तवा ह्येनी पोराला काखेत मारून भाईर पळालं, आन मी आतच." तात्यांचं वय तेव्हा सहा. त्यांच्या डोक्यात सप्टेंबरची मिठी आणि डिसेंबरचा भूकंप एक झाले होते. ज्या प्रसंगावरून घरातले दोघे भांडतात तो एक प्रसंग नसून दोन असू शकतात, हे मला तिथं कळलं आणि पुढं फार उपयोगी पडलं. आजीचं 'मी आतच' मात्र मी पुन्हा ऐकलं तेव्हा जास्त लागलं. ते ती तक्रारीच्या सुरात म्हणत नाही. पण विसरलेलीही नाही.

ड्रायव्हर आजोबांकडून आम्हाला घरात कुणालाच ठाऊक नसलेले आबा मिळाले. घरात आबा तोलून बोलायचे, पोरांना त्यांचा धाक होता. गाडीत म्हणे ते सतत बोलायचे. कराडला शिकायला राहिलेल्या पोरांचे डबे एसटीनं जायचे, हे त्या काळी सगळीकडंच होतं. पण आबांना कुठला डबा कुणाचा, कुणाच्या डब्याला गळती आहे आणि कुणाची आई भाकरीखाली पैसे ठेवते हे माहीत असायचं. गळका डबा ते सरळ स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायचे. नवे पैसे येऊन कित्येक वर्षं झाली तरी म्हाताऱ्या बायका आण्यातच हिशेब करायच्या. चार आण्याचे पंचवीस पैसे हे ठीक, पण एका आण्याचे सहा धरायचे की सात, यावरून गाडीत रोज गोंधळ. आबा त्यांना त्यांच्याच भाषेत आण्यांत हिशेब सांगायचे आणि कमी पडलेला पैसा आपल्या खिशातून टाकायचे. रोकड भरताना एक पैशाची तूट चालायची नाही ना.

ग्रहणाची गोष्ट तर आमच्या घराण्याची दंतकथाच. १६ फेब्रुवारी १९८० ला शनिवारी दुपारी सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा कर्नाटकातून गेला, पण आमच्याकडंही चांगलंच अंधारून आलं होतं. भीतीनं रस्ते ओस पडले होते. आबा मात्र रिकामी गाडी घेऊन ड्यूटीवर गेले, "ग्रहण सूर्याला लागतंय, एसटीला न्हाई," असं म्हणाले. हे बाबांनी आम्हाला लहानपणापासून इतक्या वेळा सांगितलं होतं, की आमच्या घरात देवदेवस्की न मानण्याचं ते मूळच समजलं जायचं. ड्रायव्हर आजोबांना विचारलं तर ते हसतच सुटले. "ड्यूटीवर आला हुता खरा. पण अंधारायला लागल्यावर मला म्हणाला, गाडी झाडाखाली लाव. आन खिडक्यांना पोतं बांधून, टोपी डोळ्यावर वढून मधल्या शिटावर आडवा. वर 'झालं का, झालं का' असं दर मिनिटाला इचारतोय." मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आजी पोट धरून हसली. बाबांना ते आवडलं नाही. "मित्र आहेत, चेष्टेनं सांगत असतील," म्हणाले. मी दोन्ही लिहून ठेवलं. मला स्वतःला पोत्याआडचे आबा जास्त जवळचे वाटले, कारण भ्यायलेला माणूस ड्यूटीवर गेला होता.

खऱ्या जन्मतारखेचाही शोध घेतला. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये अपेक्षेप्रमाणे १ जून. त्यामागं जायचं तर गावच्या कोतवाल बुकात. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा, त्याआधीच्या नोंदी या वह्यांत आहेत, आणि आमच्याकडच्या त्या काळातल्या मोडी लिपीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा अशा वह्या माळ्यावरून खाली आल्या, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. मलाही एका जाणकारानं पानं वाचून दिली. अडचण अशी, की त्या नोंदीत बाळाचं नाव नसतं. बापाचं नाव आणि 'मुलगा' एवढंच. माझ्या पणजोबांच्या नावावर 'मुलगा' दोनदा आहे, एकदा १९३६ च्या पावसाळ्यात आणि एकदा १९३९ च्या उन्हाळ्यात. आबांचा एक भाऊ लहानपणीच गेला होता. तो थोरला की धाकटा, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, "एक जूनच राहू दे. पेन्शन त्याच तारखेवर आलीया."

आता तिकिटाची गोष्ट. खरं तर मी हे लिहायला घेतलं ते भूकंपासाठी, पण सगळ्यांत अवघड गेलं ते हे. आमच्याकडं कुणीही नवीन माणूस आला, जावई असो की सून, की त्याला ही गोष्ट ऐकवली जाते. तात्यांना बारा वर्षं पुरी झाली होती. बाराच्या वर फुल तिकीट. तात्या जत्रेला जायला आबांच्याच गाडीत चढले, हातात हाफ तिकिटाचे पैसे. आबांनी विचारलं, वय किती? आणि पोटच्या पोराला फुल तिकीट फाडलं. कमी पडलेले पैसे स्वतः भरले आणि संध्याकाळी जत्रेच्या खाऊतून कापून घेतले. इथं ऐकणारा हसतो, मान डोलावतो, आणि सांगणारा म्हणतो, "असा माणूस होता." आत्या ही गोष्ट उत्तम सांगते, मधे घंटीची दोरी दोनदा ओढल्याचा अभिनयसुद्धा करते. बाबा सांगतात तेव्हा त्यांचा आवाज भरून येतो. मी स्वतः ही गोष्ट कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत सांगितली आहे.

तात्यांना त्यांची बाजू आजवर कुणी विचारलीच नव्हती. दुसरं कुणी घरात नसताना विचारली. मुंबईत त्यांच्या खोलीवर, दुपारची वेळ, पंखा जोरात. आधी म्हणाले, "तुला माहिताय की." मग म्हणाले, "वय त्यांना ठाऊक नव्हतं का? गाडीतल्या सगळ्यांसमोर मला वय विचारलं. बापानं." मागच्या सीटवर त्यांच्या वर्गातली पोरं होती. ती पुढं वर्षभर त्यांना 'फुल तिकीट' म्हणून चिडवायची. दहावीनंतर तात्या शिक्षण सोडून मुंबईला निघून गेले, त्याला कारणं बरीच होती, तिकीट हे कारण नव्हे. पण ते सांगताना त्यांनी जिथून सुरुवात केली ती जागा ही होती. एक खरं, की त्यांनी आबांना शेवटच्या आजारात जितकं केलं तितकं आम्ही कुणीच केलं नाही. पाठीला मलम लावण्यापासून सगळं.

मला प्रश्न पडला, हे घालायचं कसं? आत्याची गोष्ट काढून तात्यांची घालावी, तर आत्याचे आबा जातात. आणि ते खोटे नव्हते. बाराच्या वरच्या कुणाही पोराला त्यांनी हाफ तिकीट दिलं नसतं, आणि चेकर चढो न चढो, त्यांचा हिशेब तोच राहिला असता. दोघांचं मिळून एक सरासरी करावी, तर कुणाचेच आबा उरत नाहीत. घरच्या माणसावर लिहिताना हात आपोआप गुळगुळीत करायला लागतो, हे माझ्या लक्षात आलं. 'शिस्तप्रिय', 'करारी', 'वरून फणस' असले शब्द आपसूक येतात, आणि ते श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर कुणाच्याही नावाखाली चालतात. म्हणून मी ते शब्दच बाद केले. प्रत्येक गोष्टीवर सांगणाऱ्याचं नातं लिहायचं आणि त्याच्या शब्दांत सोडून द्यायचं असं ठरवलं. 'आत्या सांगते', 'तात्या सांगतात', 'ड्रायव्हर आजोबा सांगतात'. तिकिटाची गोष्ट तिघांची तीन वेळा आली आहे, एकाखाली एक.

छापण्याआधी तात्यांना फोनवर त्यांचा भाग वाचून दाखवला. आजीनं काही गोष्टी मोबाइल बंद करायला लावून सांगितल्या होत्या, त्या मी कुठंच घातल्या नाहीत, आणि तात्यांनी नको म्हटलं असतं तर हीसुद्धा काढली असती. ते म्हणाले, "घाल. पण मी सांगितलं तसंच घाल. पुढं आणखी काही जोडू नको." मी नाही जोडलं.

स्पायरल बायंडिंग करून प्रती काढल्या आणि दिवाळीत वाटल्या. आजीनं तिची प्रत नातसुनेकडून वाचून घेतली आणि ग्रहणाचं पान पुन्हा वाचायला लावलं. बाबांनी त्या पानाशी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं आहे. आत्या रुसली होती, तिच्या लग्नात आबा रडले ते आलं नाही म्हणून. ते आता पुढच्या आवृत्तीत येईल, फक्त आबा खरंच रडले होते का यावर बाबांचं वेगळं म्हणणं आहे.

तात्यांनी त्यांची प्रत टपालानं परत पाठवली, आत लाल पेननं दुरुस्त्या करून. शुद्धलेखन, एका गावाचं नाव, भूकंपाच्या पानावर 'सप्टेंबर बरोबर असावा'. तिकिटाच्या पानावर मी आत्याच्या सांगण्यावरून फुल तिकीट साठ पैशांचं लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी समासात लिहिलंय, "ऐंशी. माझ्याकडे चाळीस होते."